पहिल्या दिवशी काय विचारतील?

प्रश्न: मॅडम, मी निपाणीजवळच्या एका खेड्यात राहते, वय 38. घरची तंबाखूची शेती. गेल्या वर्षी माझी आई गेली. तेव्हापासून रात्री दोन-तीनला जाग येते, छातीत धडधडतं. भाकरी थापताना हात मध्येच थांबतो आणि तव्यावरची करपून जाते. ईसीजी झाला, रक्त तपासलं, काही निघालं नाही. आमच्या डॉक्टरांनी काउन्सेलिंग घ्या म्हणून सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "आता काय धारवाडला, वेड्यांच्या दवाखान्यात न्यायचं काय हिला?" काउन्सेलिंगला गेल्यावर काय विचारतात? गोळ्या सुरू करतात का? मला कन्नड बाजारापुरतं येतं, मनातलं कसं सांगू? आणि मी बोललेलं घरी कळेल का?

उत्तर: ताई, आधी भाषेचं सांगते, कारण आपल्या भागातल्या कितीतरी बायका याच धास्तीने जायचंच टाळतात. वेळ ठरवायला फोन कराल तेव्हाच विचारा, "मराठीत बोलता येईल ना?" त्यात संकोच कसला? बाजारहाट, बँक दुसऱ्या भाषेत निभावतं. आई गेली त्या रात्रीचं मात्र तुम्हाला तुमच्याच बोलीत सांगता आलं पाहिजे. बेळगावात मराठी बोलणारे समुपदेशक आहेत, आणि निपाणीहून कोल्हापूर तर बेळगावपेक्षा जवळ. खाजगी समुपदेशकाकडे जाणार असाल तर फीसुद्धा फोनवरच विचारून घ्या. दुभाषी म्हणून घरातल्या कुणाला आत नेऊ नका, मुलीला तर नाहीच. तिच्यासमोर तुम्ही अर्धं गिळाल आणि उरलेल्याचं ओझं तिला होईल.

पहिली भेट साधारण पाऊण तास ते तासाभराची. झोप, भूक, पाळी, घरात कोण कोण, आधीची दुखणी, हे विचारतील. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणि तपासण्यांचे कागद सोबत न्या. थायरॉइड पाहिलं नसेल तर पाहायला सांगतील, कारण धडधड त्यानेही होते. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारतील. दचकू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. वाटत असेल तर हो म्हणा, लपवू नका.

बाकी काय बोलायचं याची तयारी करून जायची गरज नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी पहिल्या दिवशी सासूच्या गुडघ्यांबद्दल, मुलाच्या दहावीबद्दल बोलत राहतात. वेळ संपत येते, त्या पिशवी उचलतात, दाराशी जातात आणि कडीवर हात ठेवून म्हणतात, "आणखी एक होतं, पण राहू दे." बहुतेक वेळा खरं दुखणं तेच असतं. ते राहिलं म्हणून दिवस फुकट गेला असं समजू नका, पुढच्या भेटीत आम्ही तिथूनच सुरुवात करतो. रडू आलं तर रडा. नुसतं गप्प बसलात तरी कुणी रागावणार नाही.

गोळ्या समुपदेशक देत नाहीत. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात, आणि गोळी सुरू झालीच तर स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. जाऊबाईंना सांगा, धारवाडच्या डिमहान्समध्येही, म्हणजे त्या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यातही, ओपीडी आहे, तिथं माणसं दाखवतात, औषध घेतात आणि संध्याकाळी घरी येतात.

एका भेटीत बरं वाटेलच असं नाही. उलट आईचं इतके दिवस दाबलेलं वर आलं की दोन दिवस जड जातील. सुरुवातीला बहुधा आठवड्याने बोलावतात. अंतर लांब असेल तर पहिल्या भेटीनंतर पुढचं फोनवर जमेल का, हे विचारून ठेवा. तीन-चार भेटींनंतरही आपलं ऐकलंच जात नाही असं वाटलं तर समुपदेशक बदला. "संसारात मन रमवा" एवढंच कुणी ऐकवत असेल, तर तिथं पुन्हा जाऊच नका. आई गेलेल्या बाईला असा उपदेश करणं मला क्रूर वाटतं.

आणि घरी कळण्याबद्दल. तुमच्या उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला दिला आहे. नवऱ्याने येऊन विचारलं तरी तुमच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल अशा मोजक्या वेळीच गरजेपुरतं बाहेर सांगावं लागतं. त्याच्या मर्यादा काय, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

भेटीची वेळ मिळेपर्यंत रात्री फारच घाबरायला झालं तर टेलीमानसला 14416 वर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, आणि भाषा निवडता येते. घरात बोलणं अवघड असेल तर फोन घेऊन शेताकडे जा. मालकांना सध्या "डॉक्टरांनी झोपेसाठी पाठवलंय" एवढंच सांगितलंत तरी चालेल, ते खरंच आहे.