आधी दहा डोकी, मग लोकांचे पैसे

प्रश्न : मी कोल्हापूरला ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स) इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दीड वर्ष खपून मी माणसासारखं दिसणारं रोबोचं डोकं बनवलं आहे. त्यात 11 सर्व्हो (सांगू तेवढ्याच कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरी) आहेत : डोळ्यांना चार, पापण्यांना दोन, भुवयांना दोन, जबड्याला एक आणि मानेला दोन. सगळे भाग थ्री-डी प्रिंटरवर काढले, वर सिलिकॉनची कातडी चढवली. डोळ्यांची आणि जबड्याची रचना 'इनमूव्ह' या खुल्या रोबो-प्रकल्पावरून घेतली आहे. एका डोक्याला 3,800 रुपयांचं सामान आणि भाग छापायला 60 तास लागतात. हौशी मुलांसाठी 6,500 रुपयांत किट काढायचं, क्राउडफंडिंगने 200 किटचे पैसे आधी जमवायचे आणि त्यासाठी एक वर्ष कॉलेज थांबवायचं असा विचार आहे. बाबा म्हणतात, लोकांचा ॲडव्हान्स घेऊन माल गेला नाही तर तोंड दाखवता येत नाही. आईला प्लेसमेंटची काळजी आहे. एक मित्र म्हणतो, पैसे देणाऱ्यांना नफ्यात वाटा दे. दोन अडचणीही आहेत : जबडा आणि डोळे एकदम हलवले की आर्डुइनो (सर्व्होंना हुकूम देणारा छोटा बोर्ड; सर्व्होंची वीजही त्याच्यावरूनच घेतली आहे) रीसेट होतो, आणि आजी रात्री त्या डोक्यावर टॉवेल टाकून ठेवते. व्हिडिओ सोबत पाठवला आहे. मी काय करू?

उत्तर :

तुझा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. हाक मारल्यावर त्या डोक्याचे डोळे आधी वळतात आणि मान मागून येते. माणूसही असाच वळतो. नवशिके बहुतेक वेळा डोळे आणि मान एकदम फिरवतात, मग ते टेबलफॅनसारखं दिसतं. तू माणसांकडे नीट पाहिलंस आणि ते कोडमध्ये उतरवलंस. मोटर जोडणारी मुलं मला दर महिन्याला भेटतात, असं पाहणारी फार थोडी. म्हणून तुझ्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतो.

बाबांचं म्हणणं बाजूला सारू नकोस. क्राउडफंडिंग हा शब्द नवा आहे, व्यवहार उद्यमनगरातलाच आहे : माल तयार नसताना गिऱ्हाइकाकडून घेतलेला ॲडव्हान्स. फरक इतकाच की उद्यमनगरात गिऱ्हाईक दारात येऊन बसतं, इथे ते दोनशे गावांत विखुरलेलं असतं. ईथन मॉलिक या अमेरिकन अभ्यासकाने किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवरच्या प्रकल्पांचा अभ्यास करून 2014 साली मांडलं की तीन-चतुर्थांशाहून जास्त वस्तू कबूल केलेल्या तारखेनंतर पोचल्या, आणि मागितल्यापेक्षा खूप जास्त पैसे जमलेल्यांना उशीरही जास्त झाला. ऑर्डर वाढली की काम सोपं होत नाही, हे बाबांना कुणी सांगावं लागणार नाही.

तुझ्या विषयातलंच एक उदाहरण बघ. सिंथिया ब्रेझील या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत किस्मेट नावाचं रोबो-डोकं बनवलं. भुवया, पापण्या, कान, ओठ हलवून ते समोरच्या माणसाला प्रतिसाद द्यायचं. चेहऱ्याच्या रोबोंचा अभ्यास करणारा प्रत्येक जण किस्मेटपाशी येतोच. त्याच ब्रेझील यांनी जुलै 2014 मध्ये 'जिबो' या घरगुती रोबोसाठी इंडिगोगो या तशाच वेबसाइटवर मोहीम काढली आणि 35 लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. 2015 च्या अखेरीस द्यायचा रोबो लोकांच्या हाती पडायला 2017 उजाडलं. पुढे कंपनी टिकली नाही, आणि 2019 मध्ये जिबोने स्वतःच्याच आवाजात घरच्यांना सांगितलं की आपले सर्व्हर आता बंद होणार आहेत. जगातल्या उत्तम जाणकार बाई, हाताशी मोठा पैसा, तरी असं झालं. हे तुला घाबरवायला सांगत नाही. यातून तुझ्या किटसाठी एक नियम निघतो : डोकं इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. तू उद्या नोकरीला लागलीस, वेबसाइट बंद केलीस, तरी सोलापूरच्या मुलाने घेतलेलं डोकं डोळे मिचकावत राहिलं पाहिजे.

आता हिशेब. तू 6,500 मधून 3,800 वजा केलेस, 2,700 उरले, त्याला 200 ने गुणून 5 लाख 40 हजार मांडलेस. कागद-पेन्सिल घेऊन बाबांसमोर बस. जीएसटी 18 टक्के धरला तर 6,500 मधले सुमारे 990 रुपये तुझे नव्हेतच. सामानावर भरलेला कर त्यातून वजा होईल, पण तो सीएकडून समजून घे. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा म्हटलं की उलाढाल छोटी असली तरी नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. प्लॅटफॉर्म आणि पेमेंट गेटवे यांचे मिळून 9 टक्के धर, म्हणजे 585. खोका, फोम आणि कुरिअरचे 350. दात तुटलेले सर्व्हो आणि वाटेत मोडलेले भाग फुकट बदलून द्यावे लागतील, त्याचे किटमागे 200. उरतात 575. दोनशे किटचे 1 लाख 15 हजार, तेही तुझ्या वर्षभराच्या मेहनतीचा एक रुपया न धरता. एवढ्यासाठी इंजिनिअरिंगचं वर्ष थांबवू नकोस.

पैशापेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. एका डोक्याचे भाग छापायला 60 तास लागतात असं तू लिहिलंस. दोनशे डोक्यांचे 12,000 तास होतात. एक प्रिंटर रात्रंदिवस, एकही छपाई न बिघडता चालला तरी 500 दिवस. आणि प्रिंटर बिघडतो, हे तुला ठाऊक आहे. थ्री-डी प्रिंटर एक नमुना काढायला उत्तम, दोनशे काढायला नाही. म्हणून कवटीची रचनाच बदलून बघ. 3 मिलिमीटरच्या एमडीएफ (दाबून बनवलेलं लाकडी पान) किंवा ॲक्रिलिकच्या पट्ट्या लेझरवर कापून खाचेत खाच बसवली तर कवटीचा सांगाडा सपाट भागांतून उभा राहतो. कापायला तासांऐवजी मिनिटं लागतात, खोका चपटा होतो, कुरिअर स्वस्त पडतं. छपाई फक्त डोळ्यांच्या खोबणीसाठी आणि पापण्यांसाठी ठेव. खाच किती सैल, किती घट्ट ठेवायची हे मात्र इंटरनेटवर शोधू नकोस. ज्यांचं आयुष्य मायक्रोमीटर हातात धरून गेलं ते तुझ्या घरात आहेत.

रचना बदलायला आणखी एक कारण आहे, आणि ते तुझ्या पत्रात एका वाक्यात आलंय. इनमूव्ह हा फ्रेंच शिल्पकार गाएल लांजव्हँ यांचा प्रकल्प. 2012 पासून त्यांनी पूर्ण मापाचा मानवाकृती रोबो जगाला खुला करून दिला. भाग असे बेतले की 12 सेंटिमीटरच्या चौकोनी जागेत छापणारा साधा प्रिंटरही पुरावा. पण त्यांचा परवाना अव्यावसायिक वापरापुरता आहे. शिकायला, बनवायला, बदलायला मुभा. त्यांच्या रचनेवर बेतलेलं किट विकायचं तर परवानगी हवी. त्यांना रीतसर पत्र लिही, किंवा डोळे आणि जबडा नव्याने स्वतः काढ. मला दुसरा मार्ग जास्त आवडेल, कारण त्यानंतर मुलाखतीत कुणीही विचारलं तरी तुला प्रत्येक लिव्हर तसाच का आहे ते सांगता येईल.

आर्डुइनो रीसेट होतो कारण सगळे सर्व्हो तू बोर्डच्या 5 व्होल्टवरून चालवतेस. छोटा धातूच्या दातांचा सर्व्हो अडकला की पाऊण ॲम्पिअरच्या आसपास ओढतो. अकरा एकदम अडकले तर आठेक ॲम्पिअर. यूएसबीचं जुनं पोर्ट अर्धा ॲम्पिअर देतं. व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो. सर्व्होंना 5 व्होल्ट, 10 ॲम्पिअरचा वेगळा पुरवठा दे, ग्राउंड (ऋण बाजूची तार) दोन्हींचा एक ठेव, आणि पीसीए9685 हा सोळा चॅनेलचा ड्रायव्हर बोर्ड वापर, म्हणजे आर्डुइनोला दोन तारांत सगळं सांभाळता येतं. किटमध्ये पुरवठ्याच्या तारेला उलटी न बसणारी पिन लाव. कुणीतरी ती उलटी जोडणारच.

राहिल्या आजी. त्यांनी जे टॉवेल टाकून सांगितलं, ते टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले मासाहिरो मोरी यांनी 1970 साली लेख लिहून मांडलं. यंत्र माणसासारखं होत जातं तसं आपल्याला ते जवळचं वाटतं, पण अगदी माणसाच्या उंबरठ्याशी येऊन थोडं कमी पडलं की एकदम नकोसं वाटतं. इंग्रजीत या उतारालाच अनकॅनी व्हॅली, म्हणजे अस्वस्थ करणारी दरी, म्हणतात. हॅन्सन रोबोटिक्सच्या 'सोफिया'ची कातडी अनेक वर्षांच्या खास रबराच्या संशोधनातून आली, तरी तिला पाहून अनेकांच्या अंगावर काटा येतोच. 6,500 च्या किटमध्ये तू त्या दरीच्या पलीकडे जाऊ शकणार नाहीस. अलीकडेच थांब. कातडी काढून टाक, लाकडी सांगाडा उघडा दिसू दे, डोळे मात्र जिवंत ठेव.

आपल्याकडे हे कुणी करून ठेवलं नाही असं समजू नकोस. यशवंत केशव पाध्ये यांनी शंभरेक वर्षांपूर्वी उभा केलेला आणि रामदास पाध्ये यांनी घराघरांत पोचवलेला अर्धवटराव आठव. त्याला माणसाची कातडी नाही, आणि तरी तो खुर्चीत मान वळवून कुणाकडे बघायला लागला की प्रेक्षकाला आपल्याकडेच पाहिल्यासारखं वाटतं. डोळे, भुवया, तोंड आणि मान यांची अचूक वेळ, बस. त्याचे प्रयोग आवाज बंद करून पाहा आणि कुठली हालचाल कशाच्या आधी येते ते वहीत लिही. एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची जी वर्गवारी केली तीही जोडीला ठेव. मग ठरव, अकरातले कोणते सर्व्हो खरंच हवेत. मला वाटतं आठांत भागेल, आणि तीन सर्व्होंचे पैसे वाचतील.

पवईच्या केंद्रीय विद्यालयातले संगणक शिक्षक दिनेश पटेल यांनी प्लास्टिक, पुठ्ठा, लाकूड अशा साध्या वस्तूंतून 'शालू' ही बोलणारी रोबो उभी केली, तेव्हा मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहिली नव्हती. तुलाही पाहायची नाही. पण एक डोकं बनवणं आणि दुसऱ्याला बनवता येईल असं डोकं देणं ही दोन वेगळी कामं आहेत. मी स्वतः एकदा भाच्यासाठी आगाऊ पैसे भरून एक इलेक्ट्रॉनिक किट मागवलं होतं. सामान चांगलं होतं, सूचनांचा कागद मात्र एक, त्यावर पुसट चित्रं. तीन संध्याकाळी तो बसला, चौथ्या दिवशी खोका माळ्यावर गेला. त्या मुलाला वाटलं आपल्यालाच जमत नाही. हे मला फार लागलं. तुझ्या किटचा जीव मोटरींइतकाच त्याच्या पुस्तिकेत आहे. ती मराठीत लिही, प्रत्येक स्क्रूचा फोटो घाल.

म्हणून पुढच्या सहा महिन्यांत फक्त दहा किट कर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून दहा संचांचं सामान आण, 40 हजारांच्या आत बसेल. हे पैसे घरून उसने घे, पण तारीख घालून कागदावर लिहून घे. दहा अनोळखी जणांना दे : आयटीआयची मुलं, अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळेतले आठवी-नववीचे विद्यार्थी, एखादा निवृत्त फिटर. ते जोडत असताना शेजारी बस आणि तोंड उघडू नकोस. कुठे हात थांबतो, कुठला भाग उलटा बसतो, ते लिही. मधे कधीतरी पाबळच्या विज्ञान आश्रमात जाऊन ये. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत 2002 साली एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब (कुणालाही वस्तू बनवून बघता येईल अशी यंत्रांची कार्यशाळा) आली. शाळा सोडलेली मुलं तिथे हाताने काम करत शिकतात. तुझी पुस्तिका त्यांना समजली की कुणालाही समजेल.

दहातली आठ डोकी तुझ्या मदतीशिवाय हलली, तर मागणी घे, पण पन्नासवर थांबव. किकस्टार्टरवर भारतातून थेट प्रकल्प टाकता येत नाही, आणि तिथेही 2012 पासून हार्डवेअरला चालता नमुना दाखवावा लागतो, नुसती संगणकावरची चित्रं चालत नाहीत. आपल्याकडचे मोठे मंच मुख्यतः उपचारांसाठी आणि सामाजिक कामांसाठी वापरले जातात. तुझ्यासाठी साधी आगाऊ नोंदणी बरी : तारीख लिहिलेली, ती चुकली तर पैसे परत. तुझ्या मित्राने सुचवलेलं 'पैसे देणाऱ्यांना नफ्यात वाटा' हे मात्र अजिबात करू नकोस. ती गुंतवणूक ठरते, आणि अनोळखी लोकांकडून अशी रक्कम गोळा करायला कायद्याने मोकळीक नाही.

कॉलेज सोडायचं नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून हेच डोकं घे, मेकॅनिकलचा एक जोडीदार गटात घ्यायला मार्गदर्शकांची परवानगी काढ. आईला सांग, प्लेसमेंटच्या मुलाखतीत दहा अनोळखी लोकांनी जोडलेल्या दहा डोक्यांचा व्हिडिओ आणि दुरुस्त्यांची वही असेल, तर तुझ्याकडे बोलायला पुष्कळ असेल. एम्बेडेड, वैद्यकीय उपकरणं, खेळणी, कुठेही. आणि तुला चेहरे, हालचाल, वस्तू यांतच राहायचं असेल तर डिझाइनचा विचार कर. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस. या पदव्युत्तर पदवीसाठी सीड ही परीक्षा असते, अंतिम वर्षाला असताना देता येते; अर्ज साधारण ऑक्टोबरात निघतात. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसला खेळणी आणि खेळ यांच्या डिझाइनचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. इलेक्ट्रॉनिक्स येणारी आणि माणसाची नजर वाचणारी मुलगी तिथे हवी, असं मला मनापासून वाटतं.

हा हिशेब आज रात्री बाबांना दाखव, त्यातल्या चुका त्यांना काढू दे. कातडी उतरवल्यावर डोकं पुन्हा आजींसमोर ठेव आणि रात्री टॉवेल पडतो का ते बघून मला लिही. तुझा पहिला परीक्षक घरातच आहे.