खटका वाजतो का, ते विचार

पोरी,

काल पार्क चौकात तू गाडीवर बसल्या बसल्या विचारलंस, "काका, ऑनलाइन लिलावात एक कॅमेरा आहे, किती बोली लावू?" आणि सिग्नल सुटला म्हणून निघूनही गेलीस. कॅमेरा कुठला म्हणालीस तर यशिका इलेक्ट्रो ३५, तो जुना फिल्म रोलचा जपानी कॅमेरा. घरी येईपर्यंत मला हसू येत होतं. ऑनलाइन लिलावात मी घेतलेली पहिली वस्तू तीच. बोलीचा आकडा पत्राच्या शेवटीसुद्धा मिळणार नाही, पण तो कसा काढायचा ते सांगतो.

तेव्हा मी मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होतो. लिलाव म्हणजे माझं रोजचं. डिसेंबर-जानेवारीत यार्डात कांद्याच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसायची. खरेदीदार वक्कलीपुढे, म्हणजे एकेका शेतकऱ्याच्या मालाच्या ढिगापुढे, येऊन थेट पोत्याच्या तळात हात घालायचे, खालचा कांदा वर काढून दाबायचे, हुंगायचे आणि मगच तोंड उघडायचे. कोण कुठवर ताणणार, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. त्यामुळे आपल्याला लिलावात कोण काय शिकवणार, असा एक माज होता.

साल २००३. बाझी डॉट कॉम नावाची आपल्याकडची लिलावाची साइट २००० मध्ये सुरू झाली होती. पुढे २००४ मध्ये ती ईबे या अमेरिकन लिलावाच्या कंपनीने घेतली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेचं भारतातलं दुकानही मिटलं. मी कुठल्या साइटवर घेतलं ते सोडून दे, चूक माझीच होती. नवी पेठेतल्या सायबर कॅफेत बसलो होतो, रात्रीचे दहा वाजून गेलेले. कॅमेऱ्याचे दोन धुरकट फोटो आणि खाली एक ओळ: "शटर चालतं, स्थिती उत्तम."

मनात ठरवलं होतं, पंधराशे. पंधराशे टाकले, तर लगेच खाली अक्षरं आली की तुमच्यापेक्षा मोठी बोली आहे. साडेपंधराशे टाकले, तेच. सोळाशे, पुन्हा तेच, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. मला वाटलं, कुठंतरी कोणीतरी बसलाय आणि मुद्दाम माझ्याशी खेळतोय. कॅफेवाला अर्धं शटर ओढून उभा होता, "चला काका" म्हणत होता, आणि मी पन्नास-पन्नासने चढत होतो. एकवीसशे पन्नासला तो थांबला. मी खुर्चीतच टुणकन उडालो.

नंतर उमगलं की समोर कोणी बसलेलंच नव्हतं. त्या गड्यानं दोन दिवस आधी आपला शेवटचा आकडा साइटला सांगून ठेवला होता, एकवीसशे, आणि तो बहुतेक झोपला होता. त्याच्या वतीनं यंत्रच बोली चढवत होतं. अशा साइटवर तू एकदाच तुझा खरा शेवटचा आकडा टाकायचा असतो. जिंकलीस तर सहसा दुसऱ्या नंबरच्या बोलीपेक्षा एक पायरीच, म्हणजे ठरलेली छोटी वाढच, जास्त भरावी लागते. आपला आकडा मोठा म्हणून सगळा जात नाही. ही गोष्ट मला कळली असती तर पंधराशे टाकून घरी जाऊन जेवलो असतो. वरचे साडेसहाशे मी कॅमेऱ्यासाठी दिलेच नव्हते, त्या न दिसणाऱ्या माणसाला हरवण्यासाठी दिले होते. यार्डात असं करणाऱ्या नवख्या खरेदीदाराला आम्ही पाठीमागे हसायचो.

बँकेतून डिमांड ड्राफ्ट काढून पाठवला, नवव्या दिवशी कुरियर आलं. कॅमेरा दिसायला झकास. बटण दाबलं की शटर टचकन उघडायचं. पण दोन रोल धुऊन आले तर घरातले फोटो सगळे काळेकुट्ट, बाहेरचे तेवढे बरे. विकणारा खोटं बोलला नव्हता. बॅटरी नसली किंवा आतलं बिघडलेलं असलं तरी या कॅमेऱ्याचं शटर चालतंच, फक्त एकाच वेगानं, सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या. आतमध्ये एक छोटी रबरी गादी असते, ती वर्षांनुवर्षांत भुगा होते आणि मग शटरचा वेग बदलतच नाही. गादी धड असेल तर फिल्मचा दांडा ओढताना आतून "खट" असा आवाज येतो. माझ्यात तो नव्हता. म्हणजे "शटर चालतं" हे खरं, आणि तरी निरुपयोगी.

ईबेची मला आवडणारी गोष्ट तिच्या सुरुवातीचीच आहे. १९९५ मध्ये पिएर ओमिडयारने विकायला ठेवलेली पहिली वस्तू म्हणजे मोडका लेसर पॉइंटर. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. त्यानं घेणाऱ्याला विचारलं, मोडका आहे हे माहीत आहे ना? तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. तू मोडके जमवत नाहीस, म्हणून तुला विचारावं लागेल.

तेव्हा आज रात्रीच विकणाऱ्याला लिही: दांडा ओढताना खट्ट वाजतं का, त्याचा व्हिडिओ पाठवा. बॅटरी घालून हिरवा दिवा लागतो का? (याची मूळ पाऱ्याची ५.६ व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही, ६ व्होल्टची जुगाड करून बसवतात. मी उरलेल्या फटीत चॉकलेटच्या चांदीचा गोळा घालायचो.) उत्तरच आलं नाही तर तेही उत्तर समज. त्याचे जुने अभिप्राय वाचताना वाईट अभिप्राय आधी वाच, चांगले सगळे सारखेच असतात.

मग कागद घे. कॅमेरा तुला कितीला पटतो तो आकडा वर लिही, त्यातून टपालखर्च आणि, परदेशातून येणार असेल तर, सीमाशुल्क वजा कर. उरेल तीच बोली. एकदा टाक आणि लॅपटॉप मिटून टाक. मी पुढच्या खेपेला हिशोबपट्टीच्या मागे आकडा लिहून ती कॅफेवाल्याच्या हातात दिली होती, याच्या वर गेलो तर मला उठवा म्हणून. त्यानं खरंच उठवलं. तो कॅमेरा गेला. त्यानंतरचा मिळाला, अकराशेत, खटक्यासकट.

रविवारी सकाळी घरी ये. दोन्ही कॅमेरे कपाटात आहेत. डोळे मिटून दोघांचे दांडे ओढून बघ, म्हणजे व्हिडिओत काय ऐकायचं ते कळेल. काकू शेंगाची चटणी बांधून देणार आहे, डबा आण.

तुझा,
काका