तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं: दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न: एका कंपनीकडून परदेशाचं जाण्या-येण्याचं तिकीट काढलं. मधल्या टप्प्याचं विमान तिच्या भागीदार कंपनीचं होतं. ते उशिरा सुटलं, पुढचं चुकलं, रात्रभराचं हॉटेल पदरचं, आणि बॅग चार दिवसांनी मिळाली. दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. दोन्ही देशांत हवाई सेवा करार आहे, त्याच्या आधारे दावा लावता येईल का?

उत्तर: त्या कराराच्या मागे लागू नका. 1944 च्या शिकागो करारानुसार परवानगीशिवाय कोणत्याही देशात नियमित विमानसेवा चालवता येत नाही. म्हणून सरकारं आपसात ठरवतात: कोणत्या शहरांना, किती फेऱ्या, भागीदारीत तिकिटं विकायची की नाही. हा सरकार-सरकारमधला व्यवहार आहे. त्यात वाद झाला तर सरकारंच वाटाघाटी करतात, लवाद नेमतात. प्रवासी त्यात पक्षकार नसतो.

तुमचा हक्क 1999 च्या माँट्रियल करारात आहे. जाण्या-येण्याच्या तिकिटाची सुरुवात आणि शेवट ज्या देशात, तो या कराराचा सदस्य असला की तो तुम्हाला लागू. तिकीट देणारी कंपनी त्यात संपूर्ण प्रवासाला जबाबदार धरली आहे आणि उडवणारी आपल्या टप्प्यापुरती. दावा एकीवर लावा किंवा दोघींवर, निवड तुमची. एकीला दिलेली लेखी तक्रार दुसरीलाही दिल्यासारखीच धरली जाते. ‘आमचं विमान नव्हतं’ हे उत्तर म्हणूनच टिकत नाही, आणि मला त्याची चीड येते, कारण ते ऐकून कितीतरी लोक गप्प बसतात.

घाई बॅगेची करा. ती हातात आल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार गेली नाही, तर बॅगेच्या उशिराचा दावा बुडतो. विमानतळावरच्या काउंटरवर भरलेल्या फॉर्मवर विसंबू नका, वेगळा ईमेल पाठवा. बोर्डिंग पास, बॅगेची चिठ्ठी, हॉटेलचं बिल आणि नाइलाजाने घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या जोडा. भरपाई प्रत्यक्ष नुकसानाचीच मिळते, त्यामुळे पावती नसेल तर तो खर्च सिद्ध करणं अवघड. 28 डिसेंबर 2024 पासून कमाल मर्यादा प्रवाशाच्या उशिरासाठी 6,303 आणि सामानासाठी 1,519 एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. उशीर टाळण्यासाठी शक्य ते सगळे वाजवी उपाय केले होते, हे सिद्ध केलं तर कंपनी सुटते. पण सिद्ध तिनेच करायचं.

कोर्टासाठी मुदत दोन वर्षांची. परदेशी जायची गरज बहुधा पडणार नाही: जाण्या-येण्याच्या तिकिटात अंतिम ठिकाण म्हणजे तुम्ही निघालात तेच, आणि तिथल्या न्यायालयात दावा लावता येतो. आधी तिकीट देणाऱ्या कंपनीला नोटीस पाठवा.