ट्रकला बाहेरून आणलेला डिझेल पंप बसवला आहे, तर त्याला फीड कशी लावावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टाटाची सहाचाकी, कमिन्सचं ६बीटी इंजिन. जुना पंप गेला म्हणून बाजारातून रिकंडिशन केलेला, थोडा मोठ्या मापाचा इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा एलिमेंट, सगळे एका ओळीत) आणून बसवला, पाइप मात्र जुनेच ठेवले. रिकामी गाडी छान पळते. माल भरून पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीत दम सोडते आणि सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही. फिटर म्हणतो पंप परत खोला, दुसरा कुणी म्हणतो इलेक्ट्रिक पंप लावा.

दादा, पंप खोलू नका. माझं वर्कशॉप पंप आणि नोझलचंच आहे, पंप खोलण्यावरच माझं पोट चालतं, तरीही सांगतो. आधी फीड, म्हणजे टाकीतून पंपापर्यंत डिझेल पोचवणारी सगळी वाट, तपासा. तुमची दोन्ही लक्षणं तिकडेच बोट दाखवतात.

इनलाइन पंप टाकीतून डिझेल ओढून आणत नाही. त्याच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या पोकळीत, दाबाने भरून ठेवलेलं डिझेल एलिमेंटमध्ये, म्हणजे दाब देणाऱ्या दट्ट्याच्या नळकांड्यात, शिरतं आणि तिथून पुढे नोझलला जातं. टाकीतून आणून गॅलरी भरलेली ठेवणं हे फीड पंपाचं काम, मग तो फीड पंप तुमच्या पंपाच्या अंगावर बसलेला असो की इंजिनच्या ब्लॉकवर. गॅलरीतला दाब पडला की एलिमेंट अर्धवट भरतो. डिझेलचं माप ठरवणारा रॅक (दांडा) पूर्ण उघडला तरी नोझलला अर्धंच डिझेल मिळतं. रिकाम्या गाडीला तेवढं पुरतं, चढावर पुरत नाही. लॅबच्या टेस्ट बेंचवर हाच पंप चोख माप देतो, कारण तिथली फीड बेंचची असते, तुमच्या गाडीची नसते. मालक आणि लॅबवाल्याची अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात.

म्हणून पहिला खर्च गेजचा करा. फिल्टरमधून पंपाकडे येणारी लाइन जिथे पंपाला लागते, तिथल्या बॅन्जो बोल्टला (डिझेल आतून जाणारा पोकळ बोल्ट) भोक टॅप करून दाबाचा गेज जोडा. ग्लिसरीन भरलेलाच घ्या आणि मध्ये छोटा निडल व्हॉल्व टाका, नाहीतर फीड पंपाच्या धक्क्यांनी काटा आठवड्याभरात ढिला होतो. डिझेलची नळी केबिनमध्ये मात्र आणू नका. गेज बाहेरच काचेसमोर, वायपरखाली नीट बांधा आणि माल भरून घाट चढा. उभ्या गाडीला नुसती रेस देऊन दिसलेला आकडा कामाचा नाही. साध्या ए टाइप पंपाला गॅलरीत १ ते १.५ बार चालतो. पी टाइप, म्हणजे त्याहून मोठा आणि दणकट पंप, असेल तर जास्त लागतो, याच घराण्यातल्या अमेरिकन इंजिनांवर लोक २५ पीएसआयच्या आसपास, म्हणजे पावणेदोन बार धरतात. तुमच्या पंपाचा नेमका आकडा लॅबकडून टेस्ट शीट बघून घ्या. चढावर काटा खाली बसत गेला, तर दुखणं आधी फीडमध्ये शोधा.

आता दाब कमी का, ते शोधायचं. फीडचे दोन भाग पडतात आणि दोघांचे आजार वेगळे. फीड पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर ते पंप, लाइन दाबाखाली असते. तिथे गळती असेल तर डिझेल बाहेर येतं, डाग दिसतो, धूळ चिकटते. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा. तिथे फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. रात्री गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते, डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी तुम्ही सेल्फ मारत बसता.

सुरुवातीच्या वर्षांत मी इथेच फसलो होतो. एका गिऱ्हाइकाचा पंप मी दोनदा खोलला, दुसऱ्यांदा एलिमेंट बदलले, पैसेही घेतले. गाडी तशीच. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने फीड पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक नळी जोडली आणि मला म्हणाला, वाकून बघ. इंजिन स्लोवर होतं तोवर नळीत सोनेरी डिझेल काचेसारखं स्थिर. रेस दिल्याबरोबर साबुदाण्याएवढे बुडबुडे ओळीने पळायला लागले. टाकी उतरवली, तेव्हा आतल्या पिकअप पाइपला झाळकामाजवळ केसाएवढी चीर सापडली. टाकी भरलेली असली की चीर डिझेलखाली असायची आणि गाडी पळायची. टाकी अर्ध्यावर आली की चीर उघडी पडायची. त्या माणसाचे पैसे मी परत केले. तेव्हापासून पारदर्शक नळी लावून बघितल्याशिवाय मी कुणाचा पंप उतरवायला सांगत नाही. तुम्हीही तेच करा, आणि टाकी पाव असताना करा.

बुडबुडे दिसले तर टाकीकडून एकेक जोड तपासत या. बॅन्जोचे कॉपर वायसर नवे टाका. नवे मिळाले नाहीत तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, तांबं मऊ पडतं आणि पुन्हा नीट बसतं. जुन्या रबर पाइपला क्लिपखाली बारीक तडे असतात, ते बोटाने वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. फीड पंपाचा हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा दट्ट्या) घट्ट आवळलेला नसेल तर तिथूनही हवा घेतो. तोंडाशी जाळी असते, ती काढून धुवा. जाळीत कापसासारखा मळ निघाला तर टाकी धुवायलाच आली आहे.

बुडबुडे नाहीत पण दाब पडतो, तर ओढ जड आहे. सगळ्यात आधी टाकीचं झाकण बघा. झाकण हरवलं म्हणून तोंडाला ट्यूबचा तुकडा करकचून बांधलेल्या गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत! हवा जायला वाट नाही, डिझेल निघालं की टाकीत पोकळी तयार होते आणि तास-दीड तासाने गाडी गुदमरते. चालवून आल्याबरोबर झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज आला तर दुखणं तिथेच आहे.

मग पाइपचं माप. पंप मोठा केलात, पाइप जुनाच ठेवलात, हे तुम्ही प्रश्नात स्वतःच लिहिलं आहे. आतून ८ मिलिमीटरच्या जागी १२ चा पाइप टाकला तर तेवढ्याच ओढीत सुमारे पाचपट डिझेल येऊ शकतं, कारण व्यासाचा परिणाम चार घातांनी होतो. पण बॅन्जो आणि टाकीतला पिकअप जुनाच राहिला, तर नव्या पाइपचा निम्मा फायदा तिथेच अडतो. तेही सोबत बदला. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा फिटिंग मात्र वापरू नका, जस्ताशी डिझेलची प्रक्रिया होऊन गाळ बनतो आणि तो थेट फिल्टरमध्ये येऊन बसतो. ओढीच्या बाजूला फक्त पाणी वेगळं करणारा जाड फिल्टर ठेवा. बारीक कागदी फिल्टरची जागा फीड पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला.

एक चाचणी अगदी फुकट आहे. इंजिन चालू ठेवून रिटर्नची रबर नळी क्षणभर चिमटीत दाबा आणि गेज बघा. काटा झटक्यात वर गेला तर फीड पंप ठणठणीत आहे, गॅलरीत दाब धरून जादा डिझेल रिटर्नला सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्वची स्प्रिंग थकली आहे आणि डिझेल वेळेआधीच टाकीत पळतंय. काटा हललाच नाही तर मागे, ओढीकडे किंवा फीड पंपाकडे जा. रिकंडिशन पंपांवर ओव्हरफ्लो व्हॉल्व बऱ्याचदा जुनाच चढवलेला असतो, आणि त्या जागी कुणी साधा पोकळ बोल्ट लावलेलाही मी पाहिला आहे. रिटर्न कायमचं बंद करून दाब वाढवू नका. डिझेलमधली हवा आणि उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते.

इलेक्ट्रिक पंपाबद्दल. ओढीची बाजू फुटकी असताना तो लावला तर दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. सगळं नीट करूनही चढावर दाब टिकला नाही, तरच लावा. तो टाकीजवळ, टाकीच्या खालच्या पातळीला बसवा, कारण हे पंप ढकलतात चांगलं, ओढतात वाईट. वायर फ्यूज आणि रिले घालून बॅटरीकडून आणा आणि मध्ये ऑइल प्रेशर स्विच ठेवा, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं तर पंपही थांबेल. ब्लॉकवर डायफ्रामचा जुना फीड पंप असेल तर त्याच्यामागून दाब देऊ नका. डायफ्राम फाटला की डिझेल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात.

फीडकडे दुर्लक्ष किती महाग पडतं याचं मोठं उदाहरण कमिन्सच्या याच घराण्यातल्या ५.९ लिटर इंजिनाचं आहे. अमेरिकेत डॉज रॅम पिकअपला १९९८ ते २००२ दरम्यान बॉशचा व्हीपी४४ रोटरी पंप येत होता. तो थंडाव्यासाठी आणि वंगणासाठी डिझेलवरच अवलंबून. ब्लॉकवरचा छोटा इलेक्ट्रिक फीड पंप थकला की महागडा व्हीपी४४ जायचा, आणि फीड तशीच ठेवून नवा टाकला की तोही जायचा. तिथले मालक अजूनही फीड प्रेशरचा गेज कायमचा लावून ठेवतात. तुमच्या इनलाइन पंपाला वंगण इंजिन ऑइलचं मिळतं, म्हणून त्याला तेवढा धोका नाही. बसवताना पंपात ऑइल भरलं होतं ना, एवढं मात्र फिटरला आजच विचारा.

काम झाल्यावर एअर क्रमाने काढा. आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करून प्रायमर मारा, बुडबुडे संपून सलग धार आली की आवळा. मग पंपाच्या गॅलरीचा स्क्रू. शेवटी नोझलच्या युनियन अर्धा आटा ढिल्या करून सेल्फ मारा. तिथल्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं, हात आणि तोंड लांब ठेवा.

गेजचे दोन आकडे, रिकाम्या गाडीचा आणि भरून घाटातला, मला इथे लिहून कळवा. पंप ए टाइप आहे की पी, तेही लिहा.