राज्याभिषेक, अभ्यंग आणि ख्रिस्त

प्रश्न आलाय : ‘चार्ल्स राजाचा राज्याभिषेक म्हणायचं की राज्यारोहण? की दोन्ही एकच?’

एकच नव्हेत. ८ सप्टेंबर २०२२ ला आई वारली, त्याच क्षणी चार्ल्स राजे झाले, ते राज्यारोहण. ६ मे २०२३ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये विधी झाला, तो राज्याभिषेक. मधले आठ महिनेही ते पुरते राजेच होते. जानेवारी २०२४ मध्ये डेन्मार्कचे फ्रेडरिक राजे झाले तेव्हाही ‘राज्याभिषेक’ हाच शब्द कानावर आदळत राहिला, आणि डोक्यात तिडीक गेली. तिथे पंतप्रधानांनी सज्जात उभं राहून नव्या राजाचं नाव पुकारलं. ना मुकुट, ना पाणी, ना तेल. १८४९ च्या संविधानानंतर डेन्मार्कमध्ये राजाला तेल लावण्याचा विधीच उरलेला नाही. मग अभिषेक कसला?

आणि खरं सांगायचं तर ‘राज्याभिषेक’ हा शब्द वेस्टमिन्स्टरलाही नीट बसत नाही. अभिषेक म्हणजे अभि + सिच्, शिंपणं. १६७४ मध्ये रायगडावर महाराजांच्या मस्तकावर नद्यांच्या पाण्याचे कलश रिते झाले, तो अभिषेक. लंडनमध्ये बाराव्या शतकातल्या एका चमच्यात जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल ओतलं. त्याची फळं जेरुसलेमच्या जैतून डोंगरावरची. आर्चबिशपांनी ते राजाच्या तळहातांना, छातीला, डोक्याला लावलं. अख्ख्या सोहळ्यात एवढाच भाग पडद्याआड झाला, कारण तोच सर्वांत पवित्र.

याला इंग्रजीत ‘अनॉइंट’ म्हणतात. त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘उंगेरे’, म्हणजे चोपडणं. आपला संस्कृत अञ्ज् धातू या उंगेरेचा सख्खा भाऊ! त्यातूनच डोळ्यांतलं अंजन. त्याच्या मागे ‘अभि’ लावा : अभ्यंग. नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर बसवून आई तेल जिरवायची ना, तेच. मलमाला आपण ‘ऑइंटमेंट’ म्हणतो, तेही याच घरातलं. इतका नेमका शब्द दिवाळीपासून तोंडात असताना कोशकार मंडळी ‘अनॉइंट’पुढे ‘अभिषेक करणे’ लिहून मोकळी होतात, हे मला अजिबात मान्य नाही.

‘शमुवेल संदेष्ट्याने इस्राएलचा पहिला राजा शौल याच्या डोक्यावर तेल ओतलं, म्हणजे अभिषेकच झाला’ असं बायबलचे जाणकार मला ऐकवतात. ओतलं, कबूल. पण हिब्रू धातू आहे ‘माशह’, आणि तो चोपडण्याचाच आहे. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात लढाईआधी ढालींना तेल लावायला सांगितलंय, तिथे हाच धातू येतो. ढालीवर कोणी अभिषेक करत नाही. माशहपासून ‘माशिअह’, त्याचा अरबीत मसीह, आपल्याकडे मसीहा. ग्रीकमध्ये त्याचं भाषांतर झालं ‘ख्रिस्तोस’. म्हणजे ख्रिस्त हे आडनाव नव्हे, आणि मसीहा म्हणजे नुसता तारणहारही नव्हे. दोन्हींचा अर्थ तेल लावलेला. माझ्या मते मराठी बायबलात ‘अभिषिक्त’च्या जागी ‘अभ्यक्त’ हवं होतं. संस्कृतात हा शब्द तयारच आहे.

शब्दाचा एवढा कीस का? कारण युरोपात हजार वर्षं राजसत्ता या तेलावर उभी होती. पेपिन हा आजच्या फ्रान्स-जर्मनीकडच्या फ्रँक लोकांच्या राजाचा कारभारी. सत्ता सगळी त्याच्या हातात, पण राजरक्त नाही. (आपल्या पेशव्यांनी अशा वेळी वस्त्रं साताऱ्याहूनच घेतली.) पेपिनने ७५१ मध्ये धन्याला मठात धाडलं आणि स्वतःला तेल लावून घेतलं. ७५४ मध्ये तर पोपनी जातीने येऊन ते पुन्हा लावलं. रक्ताची उणीव तेलाने भरून निघाली. बायबलात दावीदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजावर हात उगारला नाही, कारण तो ‘परमेश्वराचा अभिषिक्त’. ते कवच आता पेपिनला मिळालं.

पण मग तेल लावणारा मोठा की लावून घेणारा? पोप तिसरा इनोसंट याने १२०४ मध्ये फर्मावलं : बिशपच्या डोक्याला सुगंधी तेल, राजाच्या दंडाला साधं. डोकं म्हणजे अधिकार, दंड म्हणजे नुसतं बळ. इंग्लंड-फ्रान्सच्या राजांनी ते धुडकावलं आणि डोकंच पुढे केलं. चार्ल्स यांच्या डोक्याला तेल लागलं ते या जुन्या हट्टामुळे.

तेव्हा डेन्मार्कसाठी राज्यारोहण लिहा. चार्ल्स यांच्यासाठी रूढ झालाय म्हणून राज्याभिषेक चालवून घेतो. मी स्वतः ‘राज्याभ्यंग’ लिहितो.