रिसेलर होताय? आधी रजिस्ट्रार पारखून घ्या

मित्रा, डोमेनं (वेबसाइटची नावं) विकणारा रिसेलर व्हायचं असेल, तर ती नोंदवून देणाऱ्या कंपनीचा, म्हणजे रजिस्ट्रारचा, पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघून भुलू नकोस. तो दर म्हणजे गळाला लावलेलं आमिष. नूतनीकरणाचा दर विचार, ट्रान्सफरचा (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याचा) विचार, आणि मुदत संपून डिलीट झालेलं डोमेन परत मिळवायला किती मोजावे लागतात तेही विचार. डॉट कॉमला डिलीट झाल्यावर ३० दिवसांची रिडेम्प्शनची, म्हणजे परत सोडवून घेण्याची, मुदत असते आणि तिथला दंड नूतनीकरणाच्या कितीतरी पट असू शकतो. गिऱ्हाईक विसरतं, बोलणी तू खातोस.

डोमेनची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या आयकॅनच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त रजिस्ट्रारची यादी आहे, त्यात नाव शोध. डॉट इन विकायचं असेल तर ते सांभाळणाऱ्या निक्सीची यादी वेगळी बघ. २००७ मध्ये अमेरिकेतल्या रजिस्टरफ्लाय या रजिस्ट्रारची मान्यता रद्द झाली, तेव्हा हजारो लोकांची डोमेनं टांगणीला लागली होती.

माझेही एकदा हात पोळलेत. स्वस्तात मिळतंय म्हणून एका रजिस्ट्रारकडे वॉलेटमध्ये (आगाऊ पैशांच्या खात्यात) मोठी रक्कम भरली. मग तिकिटाला (मदतीसाठी पाठवलेल्या तक्रारीला) उत्तर यायला आठवडा, आणि ट्रान्सफरसाठी लागणारा ऑथ कोड मागितला की टाळाटाळ. नियमाने तो ५ दिवसांत मिळायला हवा! तेव्हापासून मी आधी एकच डोमेन घेतो, रविवारी रात्री मुद्दाम तिकीट टाकतो. नव्या डोमेनला बहुतेक ठिकाणी ६० दिवसांचं कुलूप असतं, तोवर ट्रान्सफर होत नाही. ते उघडलं की ट्रान्सफर करून बघतो. वॉलेटमध्ये महिन्यापुरतेच पैसे.

आणि हो, मालक म्हणून गिऱ्हाइकाचंच नाव आणि त्याचाच ईमेल टाक. स्वतःचा टाकलास तर उद्या भांडण तुझ्याच दारात.