सारणाला पाणी सुटते तेव्हा

प्रश्न : नोकरीनिमित्त मी तीन वर्षे बीजिंगमध्ये राहिले. शेजारच्या आजी डुकराच्या मांसाचा खिमा आणि लसणाच्या वासाची चपटी चिनी पात भरून घरी जिआओझी (पारीत सारण भरलेल्या चिनी करंज्या) करीत असत. इकडे आल्यावर मीही करून पाहते. परंतु सारणाला पाणी सुटते, पारी फाटते आणि खिमा मात्र कोरडा, अळणी लागतो. मसाल्याचे प्रमाण चुकत असेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : प्रमाणापेक्षा क्रम चुकत असावा, असे आपल्या वर्णनावरून वाटते. खमंग काकडीत मीठ अगदी शेवटी घालावे लागते, हे आपण जाणताच. या पातीचा स्वभावही तसाच आहे. म्हणून मीठ खिम्याला आणि तेल पातीला, एवढे पथ्य प्रथम पाळावे.

अर्धा किलो खिमा घ्यावा व त्यात चरबी सुमारे ३० टक्के असावी, कारण निव्वळ मांसाचे सारण कोणत्याही मसाल्याने रसरशीत होत नाही. त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, दोन मोठे चमचे फिका (लाइट) सोया सॉस, किसलेले आले आणि चिमूटभर पांढरी मिरपूड घालून तो घोळावा. मिठामुळे मांसातील प्रथिने सुटी होऊन चिकट होतात आणि पाणी धरून ठेवतात; त्यामुळे मीठ घातल्यानंतरच सुमारे १०० मिलिलिटर पाणी थोडे थोडे करून, आधीचे पूर्ण जिरल्यावर पुढचे, असे मुरवावे. खिमा एकाच दिशेने ढवळावा असा उत्तर चीनमधील घरांत दंडक आहे. माझ्या मते दिशेपेक्षा खिमा भांड्याच्या कडेला चिकटू लागेपर्यंत न थांबता ढवळणे अधिक महत्त्वाचे आहे.

हे पाणी साधे न वापरता चहाचा एक चमचा सिच्वान मिरी गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून, गाळून, थंड करून वापरल्यास मांसाचा उग्र वास जातो. ही मिरी म्हणजे आपल्या कोकणातील तिरफळाची सख्खी बहीण, एकाच वनस्पती-प्रजातीतली. तिरफळाचा वास मात्र वेगळा आणि ठसठशीत असल्याने बदली म्हणून वापरायचे झाल्यास बिया काढून दोन-तीनच घ्यावीत.

पात २५० ग्रॅम पुरते. ती धुऊन पूर्ण कोरडी करावी, बारीक चिरावी, दोन मोठे चमचे तेल चोळावे आणि पाऱ्या लाटून तयार झाल्यावरच खिम्यात हलक्या हाताने मिसळावी. तेलाच्या आवरणामुळे मिठाचा पातीशी थेट संबंध येत नाही व तिचे पाणी आतच राहते. तिळाचे तेल चमचाभरच, तेही शेवटी. चिनी पात न मिळाल्यास कांद्याच्या पातीपेक्षा कोवळी लसणाची पात जवळची. आले-लसणाचे वाटण घालण्याचा मोह मात्र कृपया टाळावा. लसणाचा वास पातीतच असतो आणि तोच या पदार्थाचा प्राण आहे.

कच्चे सारण चाखू नये. सुपारीएवढा गोळा तव्यावर पूर्ण भाजून मीठ पाहावे आणि ते किंचित कमी वाटेल इतकेच ठेवावे, कारण जिआओझी काळ्या व्हिनेगरमध्ये थोडा सोया सॉस घालून त्यात बुडवून खाल्ले जातात.